चौदा काचपट्ट्या

भीमराज गजभिये पायरीवर एक गुडघा टेकून बसले आणि त्यांनी बॅटरीचा उजेड काचपट्टीवर तिरका धरला. खांबाला उभी भेग गेली होती. तिच्यावर दोन बोटं रुंदीची पातळ काच आडवी बसवलेली, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. काच अखंड होती. त्यांनी वहीत तारीख घातली, पुढे ‘ठीक’ असं लिहिलं आणि ते कठड्याला धरून उठले. सकाळचे पावणेसातच वाजले होते, पण बनियन आत्ताच पाठीला चिकटलं होतं.

मुलुंड पूर्वेच्या ‘उदयगिरी’त बारा घरं. त्यातली नऊ आता कुलपात होती. गेल्या पावसाळ्यानंतर खांबांना भेगा पडल्या, फेब्रुवारीत इंजिनिअर येऊन पाहून गेला, आणि पावसाआधी इमारत रिकामी करा म्हणाला. तरणीताठी बिऱ्हाडं महिन्याभरात भाड्याच्या जागा शोधून गेली. मागे उरले ते म्हातारे. तळमजल्यावर भाऊ तावडे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. पहिल्या मजल्यावर भीमराज आणि त्यांची बायको मीरा, निवृत्त नर्स. तिसऱ्यावर मधुवंती कर्णिक, एके काळच्या टेलिफोन ऑपरेटर, त्याही एकट्या.

नवी इमारत उभी राहायला पाच-सहा वर्षं सहज लागतील, असं सेक्रेटरी मुकुल मीटिंगमध्ये म्हणाला तेव्हा या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं.

“उन्हाळा तरी काढू दे रे इथं,” भाऊ म्हणाले होते. “पुढचं पुढं.”

तेव्हा भीमराज उठून उभे राहिले. पवईच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली घालून फोडले होते. कुठला ठोकळा किती सोसेल हे नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस, असं तिथले प्राध्यापकसुद्धा म्हणत. ते म्हणाले, “मी भेगांवर काचा बसवतो. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. ज्या दिवशी तडकेल, त्या दिवशी नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर. आहे कबूल?”

सगळ्यांनी मान डोलावली. भीमराजच्या शब्दावर मुकुलनं मे अखेरपर्यंत मुदत दिली. सात भेगांवर सात काचा बसल्या, आणि मार्चपासून रोज सकाळी ‘ठीक’ लिहिणं सुरू झालं.

बाकी दिवस उन्हाळ्यात निवृत्त माणसांचे जातात तसेच जात होते. नळाला पाणी असेतो कुंड्यांना घालायचं, साडेआठपर्यंत भाजी आणायची, पेपर तीन घरांत फिरवायचा. ऊन गच्चीवरून खाली उतरू लागलं की मधुवंतीबाई जिना उतरत आणि अकराच्या सुमारास चौघं भाऊंच्या घरी जमत. तळमजला थंड राहायचा. पंख्याखाली सतरंजी पसरून मेंढीकोटचा डाव पडे, मीरा कैरीचं पन्हं आणी, भाऊ हरले की पत्त्यांना शिव्या देत. चार वाजता चहा पिऊन सगळी पांगत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इमारतीत नऊ घरं रिकामी होती, आणि मधूनच त्यातल्या एखाद्या घरात काहीतरी टकटकल्यासारखं व्हायचं. तेवढा वेळ पान टाकायला उचललेला हात हवेत थांबायचा. मग कुणीतरी म्हणायचं, “कबुतरं.”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मधुवंतीबाई डाव संपता संपता म्हणाल्या, “भीमराज, तुमच्याकडे रंधा आहे ना? माझं न्हाणीघराचं दार लागत नाहीये चार दिवस. वरून जाम बसतंय.”

“येतो बघायला.”

ते वर गेले. दार खरंच चौकटीत वरच्या कोपऱ्याला अडत होतं. रंधा हातात तसाच धरून ते उभे राहिले. लाकूड फुगतं ते पावसाळ्यात. ऐन वैशाखात दार फुगत नाही. म्हणजे दार जागेवर होतं, चौकट सरकली होती.

“काय झालं हो?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. रंधा बोथट आहे. उद्या करतो.”

त्यांनी बाईंच्या दारासमोरची काच पाहिली. अखंड. खाली येता येता दुसऱ्या मजल्यावरची पाहिली. अखंड. आपल्या मजल्यावरच्या काचेपाशी मात्र ते थांबले. मार्चमध्ये लावलेलं प्लास्टर एव्हाना धूळ बसून करडं व्हायला हवं होतं. हे पिठासारखं पांढरं होतं. त्यांनी नख लावलं, तर कडेचा कण ओलसर निघाला.

मीरा खालून येऊन जरा पाठ टेकून पडली होती. भीमराजनी आवाज न करता कपाट उघडलं, तळाशी ठेवलेली पुठ्ठ्याची पेटी काढली आणि पलंगाच्या कडेवर बसून मोजायला सुरुवात केली. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या पोरांनी हौसेनं दिलेल्या या काचपट्ट्या, पन्नासची पेटी. सात लावलेल्या. त्रेचाळीस उरायला हव्या होत्या. एकोणतीस निघाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

“चौदा गेल्यात,” मीरा डोळे मिटूनच म्हणाली. “मोजू नका आता.”

ते वळले नाहीत.

“वरच्या बाईंना सहा दिल्या. भाऊंना पाच. तीन मी लावल्या.”

“कधीपासून?”

“एप्रिलात, जयंतीच्या आदल्या दिवशी पहिली तडकली. आपल्याच मजल्यावरची. तुम्ही सकाळी बघून गेलात आणि तासाभरात गेली. मी दूध घेऊन येत होते, माझ्यासमोर आवाज झाला.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर त्या दिवशी निघावं लागलं असतं.” ती उठून बसली, पदर सारखा केला. “कुठं निघायचं होतं मला? विशालकडे? दिवाळीत आठ दिवस राहिलो तिथं. सपना वाईट नाही हो, पण ती आली की मी उठून उभी राहत होते. सुनेसमोर. का ते मला पण कळलं नाही.”

“मीरा, चौदा वेळा हलली आहे इमारत.”

“मी पस्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली. आतला माणूस जायला टेकलेला असायचा आणि बाहेर येऊन मी सांगायचे, आज जरा बरं वाटतंय. तेच केलं. लोकांना तेवढंच लागतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “तुम्हालापण लागत होतं. पांढरं प्लास्टर काय आजच दिसलं?”

भीमराजनी पेटीचं झाकण लावलं. मग त्यांनी मुकुलला फोन लावला.

त्याच संध्याकाळी चौघं बाहेर पडले. भाऊंना नाहूरहून त्यांचा पुतण्या सुयोग न्यायला आला. मधुवंतीबाईंची भाची घाटकोपरहून टॅक्सी घेऊन आली, आणि बाई टॅक्सीत बसेपर्यंत भीमराजशी एक शब्द बोलल्या नाहीत. भाऊ मात्र बोलले.

“शेवटचा उन्हाळा मागितला होता रे मेल्या. पंधरा दिवस राहिले होते.”

मुकुलनं फाटकाला साखळी घातली, पाटी लावली. विशालची गाडी वळणावरून वळेपर्यंत मीरा मागच्या काचेतून बघत होती. भीमराज समोर बघत होते.

विशालचं घर मानखुर्दला, चौदाव्या मजल्यावर. समोर खाडीकडून तापलेला वारा यायचा आणि खिडक्या दिवसभर बंद ठेवाव्या लागायच्या. विशाल आणि सपना साडेआठला कामावर जात. त्यानंतर घरात दोघंच, आणि बोलण्यासारखं काही नाही. भीमराज हॉलमधल्या दिवाणावर बसून राहायचे. इमारत पडल्याची बातमी येईल म्हणून त्यांनी पहिले तीन दिवस टीव्ही बंद केला नाही. बातमी आली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी न राहवून मुकुलला विचारलं.

“उभी आहे काका,” मुकुल म्हणाला. “तुम्ही योग्य तेच केलंत.”

त्याच्या आवाजात जरा कंटाळा होता, की आपल्यालाच तसं वाटलं, हे त्यांना ठरवता आलं नाही.

पाचव्या दिवसापासून मीरा बाहेर जाऊ लागली. जवळच्या विहारात बायका जमतात, दुपारी वंदना असते, असं तिनं सांगितलं. दहाला जायची, साडेपाचला यायची. घामेजलेली, पण चेहरा उजळलेला. एकदा भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच हसली. भीमराजना बरं वाटलं. माणूस कुठेही रुजतं, त्यांनी मनाशी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी सपनाचा फोन आला, आईंची गोळी टेबलावरच राहिली आहे का बघा म्हणून. राहिली होती. भीमराज गोळी रुमालात बांधून विहारात गेले. ओसरी झाडणारी बाई म्हणाली, “इथं दुपारचं कोण नसतं बाबा. ऊन किती आहे.”

“मीरा गजभिये?”

“नाव नाही ऐकलं कधी.”

ते पायरी उतरून रस्त्यावर आले. मग त्यांनी रिक्षा थांबवली आणि मुलुंड म्हटलं.

वाटेत रिक्षावाला उन्हाबद्दल काहीतरी बोलत होता. भीमराजच्या डोळ्यांसमोर यंत्राखालचा ठोकळा होता. पोरांना वाटायचं, ठोकळा हळूहळू फुटतो. तसं नसतं. तो सोसत राहतो, किती वेळ नुसता सोसतच राहतो, काटा चढत जातो, आणि मग एकाएकी तो ठोकळा नसतो.

‘उदयगिरी’च्या फाटकाची साखळी नुसती अडकवलेली होती. कुलूप लोंबत होतं. आवारात वाळलेल्या पानांवर पावलांची वाट पडली होती. प्रवेशाच्या खांबावरची काच मधोमध दुभंगलेली, भेग आता एवढी रुंद की दोन्ही तुकड्यांमध्ये करंगळी मावली असती. नवी काच कुणी लावली नव्हती. भीमराजनी वर पाहिलं. जिन्याच्या खिडकीची चौकट एका अंगाला कलली होती. सगळीकडे इतकं शांत होतं की आतले शब्द स्पष्ट ऐकू आले.

“हुकूम बोला, कर्णिकबाई. झोपलात काय?”

दार अर्धवट उघडं होतं. वीज कापलेली, म्हणून पंखा बंद. सतरंजीवर तिघं बसली होती आणि पुठ्ठ्यानं वारा घेत होती. चौथ्याची पानं रिकाम्या जागेपुढं पालथी वाटून ठेवलेली. मीरा आतल्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं, दचकली नाही.

“जेवलात?” तिनं विचारलं.

“बाहेरची काच तुटली आहे.”

“माहीत आहे,” मधुवंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, अजून टेलिफोनवर बोलल्यासारखा. “आता नाही बदलत आम्ही. खोटं बोलायचं कुणाशी?”

“चारला उठतो रे रोज,” भाऊ म्हणाले. त्यांनी पत्त्यांवरून नजर काढली नाही. “पोरांना पत्ता लागत नाही. तिथं तरी काय करायचं? माझा पुतण्या मला दिवसातून दहा वेळा विचारतो, काका काही हवंय का. हवंय ते इथं आहे.”

भीमराज उंबऱ्यात उभे होते. त्यांनी तळहात भिंतीला लावला. भिंत थंड होती. वर, कुठल्यातरी मजल्यावर, बारीक खडे सांडल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. या वेळी कुणी कबुतरं म्हटलं नाही.

त्यांच्या खिशात फोन होता. मुकुलला लावला असता तर अर्ध्या तासात तो आला असता, नवं कुलूप घेऊन. त्यांनी खिशात हात घातला, रुमाल काढला, गाठ सोडली आणि गोळी मीरापुढं धरली. भाऊंनी पाण्याचा तांब्या सरकवला. मीरानं गोळी घेतली.

“किती वेळ आहे?” मधुवंतीबाईंनी हळूच विचारलं. “तुम्हाला कळतं ना.”

भीमराज दाराकडं वळले. त्यांनी दार सताड उघडलं, ते पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून त्याला भाऊंची लोखंडी खुर्ची लावली, आणि उंबऱ्याला लागून असलेल्या त्या रिकाम्या जागेकडं बोट केलं.

“मीरा, तू इकडं बस.”

“का? तिथं झळ लागते.”

“बस म्हणतो ना.”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दाराशी येऊन बसली. भीमराजनी चपला काढल्या. ते आतल्या भिंतीला, तिच्या जागेवर बसले आणि तिची पानं उचलून हातात लावू लागले.

“हुकूम काय आहे?” त्यांनी विचारलं.