डिंकाने झाकलेली ओळ

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझा कुणावरही विश्वास नाही. शाळेच्या कार्यालयात जन्म काढला की असेच होते. माझ्याकडे कुणी खुशालीला येत नाही. जो येतो त्याला गुण पाहायचे असतात, आणि पाहून झाले की पुष्कळांना ते बदलायचेही असतात. कुणी फारच गोड बोलू लागले की मला कळते, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

एका बांधणीवाल्याने चारशे पाने दोऱ्याने शिवून मला घडवले. पाठीला जाड कापड लावले, कोपऱ्यांना चामडे. प्रत्येक विद्यार्थ्याला माझ्यात दर वर्षी एक ओळ मिळे. शिक्षक परीक्षेचे गुण थेट माझ्यात भरत, आणि मग कारकून ते मुलांच्या प्रगतिपुस्तकांत उतरवत.

ते कारकून फार टापटिपीचे. खाडाखोड दिसली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. एखाद्या मुलाने वर्षाच्या मध्येच विषय बदलला, तर जुन्या नोंदीवर रेघ मारायची सोडून ते तिच्यावर कोरी चिठ्ठी चिकटवत आणि चिठ्ठीवर नवा विषय लिहीत. मुलांनी त्यांचे नाव डिंकराव ठेवले होते. तपासणीला आलेले साहेब मला चाळून म्हणत, "वा! एक काट नाही!" आणि मीही फुगून बसे. खोटे कशाला बोलू?

गेल्या वर्षी डिंकराव निवृत्त झाले. कार्यालयात संगणक आला आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. वर धूळ, पोटात कागद खाणारी कसर. ज्या कार्यालयात माझ्यावाचून पान हलत नसे, तिथे कुणी माझ्याकडे मान वर करून पाहीना.

परवा मात्र नव्या कारकूनबाईंनी मला खाली काढले, फडक्याने पुसले आणि टेबलावर उघडले. समोर एक मुलगी बसली होती आणि शेजारी तिची आई. मुलीला महाविद्यालयात चित्रकलेला प्रवेश हवा होता. अर्जात नववीपासूनचे सगळे विषय वर्षवार लिहायचे होते, अगदी सोडलेलेसुद्धा. शाळेच्या दाखल्याशी यादी जुळली नाही तर अर्ज रद्द. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती, आणि घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

बाईंनी यादीवर बोट ठेवले. "अकरावी, भौतिकशास्त्र, पहिल्या सत्रात नापास, नंतर सोडले. अगं, इथे तर भौतिकशास्त्र नाहीच. त्या जागी चित्रकला आहे."

"नाही ना?" आईचा चेहरा एकदम खुलला. "मग खोडून टाक ते. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?"

"आई, मी सहा महिने शिकले ते. विचारलंय तर लिहायला नको?"

"त्यांच्या वहीतच नाही म्हटल्यावर तुला कोण विचारतंय?"

मुलगी काही खोडेना. मी कान टवकारले. कारण मित्रांनो, चित्रकलेच्या त्या चिठ्ठीखाली काय आहे ते मला पाठ होते, आणि मुलीने लिहिलेले त्याच्याशी मुळीच जुळत नव्हते. नापास म्हणे! गुण वाढवून सांगणारे मी ढिगाने पाहिले होते. स्वतःला नापास म्हणवून घेणारी ही पहिलीच. हिला दया हवी आहे की सवलत? चेहरा किती साळसूद, पण मी काय आज जन्मले होते? नक्कीच काहीतरी डाव होता.

बाईंचे बोट ओळीवरून फिरता फिरता अडखळले. "इथं कागद जाड लागतोय." त्यांनी मला खिडकीशी नेले, पान उजेडात धरले, मग ओला कापूस फिरवत चिठ्ठी अलगद सोडवली. इतक्या हळुवार हाताने मला क्वचितच कुणी धरले होते.

"भौतिकशास्त्र आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आकडा पुन्हा पाहिला. "पण इथं एकसष्ट लिहिलंय."

"छे, बावीस होते," मुलगी म्हणाली. तिने पिशवीतून अकरावीचे प्रगतिपुस्तक काढले. त्यात बावीसच होते, डिंकरावांच्या टपोऱ्या अक्षरात. आता माझीच पाचावर धारण बसली.

बाईंनी तिच्या खालची ओळ पाहिली. तिथे भौतिकशास्त्रात बावीस होते, पण ते दुसऱ्याच मुलाचे. शेवटी शेवटी डिंकरावांना नीट दिसत नसे. ते पट्टी ठेवून एकेक ओळ उतरवत, आणि त्या दिवशी नेमकी भौतिकशास्त्राच्या रकान्याशी पट्टी एक ओळ खाली सरकली होती. पुढे मुलीने विषय सोडला तेव्हा त्यांनी न वाचताच वर चिठ्ठी डकवली.

"तेव्हा येऊन विचारलं नाहीत?" बाईंनी आईला विचारले.

"विज्ञानाचे सर बदलून गेले होते," आई म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता. "आणि... मीच म्हटलं हिला, तुझ्याच्यानं व्हायचं नाही, सोड. रोज रडायची. मी म्हटलं, बावीस पडल्यावर रडून काय उपयोग?"

बाईंनी दाखला केला. भौतिकशास्त्र, पहिले सत्र, एकसष्ट, नंतर सोडले. मुलीने आपल्या यादीतला 'नापास' शब्द खोडला, वर एकसष्ट लिहिले आणि सही केली. आता यादी जुळत होती, अर्ज वेळेत जाणार होता. पण अर्जातला विज्ञान शाखेचा रकाना तिला भरता येणार नव्हता. त्यासाठी भौतिकशास्त्र बारावीपर्यंत लागते, आणि ती वर्षे कुठल्या दाखल्यावर मिळणार?

ती उठली नाही. तिने मला जवळ ओढले आणि त्या ओल्या ओळीवर बोट ठेवले.

"आई," ती म्हणाली, "मला येत होतं."

आईने मान खाली घातली. मलाही फार शरम वाटली. दारातून येणाऱ्या प्रत्येकावर मी संशय घेतला, पण माझ्याच अंगावर ज्या चिठ्ठ्या होत्या, ज्यांच्यापायी माझे कौतुक झाले, त्यांच्याबद्दल मला कधी शंका आली नाही. बाईंनी त्या आता मोजल्या आहेत. अजून सदतीस आहेत.

मित्रांनो, मला कपाटाच्या माथ्यावर टाकू नका, ओल आणि कसर लागू देऊ नका. चुकलेल्या नोंदीवर खुशाल रेघ मारा, पण तिला झाकू नका. आणि तुम्हाला काही येत नाही असे कुणी कागद दाखवून सांगितले, तर रडत घरी जाण्याआधी कार्यालयात या आणि मला उघडायला लावा. संशय घ्यायचाच असेल तर आधी माझ्यावर घ्या.