कोथिंबिरीचा गुण

हिरड्या

दात घासताना आता रक्त येत नाही. नवऱ्याने जबडा उघडून आधी बहिणीला दाखवलं, मग बायकोला.

"बघ, गुण आला," ताई म्हणाल्या.

बायकोने वाकून बघितलं. हिरड्या खरंच घट्ट दिसत होत्या. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून तो रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होता, आणि गोळी लागू आहे याची खूण रोज सकाळी बेसिनमध्ये दिसायची. गुलाबी थुंकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एवढं चालायचंच. रक्त घट्ट झालं आणि झडपेवर गुठळी धरली किंवा सुटून मेंदूत गेली, तर ते मात्र चालणार नाही.

बेसिन पांढरंशुभ्र होतं.

जुडी

ताई त्याच्याहून बऱ्याच मोठ्या. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, आणि अजूनही त्या त्याला छोट्या म्हणतात. छोट्याचे केस पांढरे झाले तरी. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस राहायला म्हणून आल्या त्या राहिल्याच. त्यांच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. कोथिंबीर रक्त शुद्ध करते, सूज उतरवते, डोळे, कातडी, सांधे... व्हिडिओतला माणूस दम न खाता सांगायचा आणि ताई त्याच्या अर्धा शब्द पुढे असायच्या. मग सकाळी अख्ख्या जुड्या देठांसकट मिक्सरमध्ये, वर लिंबू, आणि काठोकाठ भरलेला मोठा पेला. घराला कापलेल्या गवताचा वास लागला.

बायकोने पहिल्याच दिवशी अडवलं होतं. हिरवं एकाएकी वाढवायचं नाही, त्याने गोळी बोथट होते, नवीन काही सुरू करायचं तर आधी विचारायचं, असं दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं ना? ताई हसल्या. ते पालेभाजीबद्दल होतं. ही काय भाजी आहे? ही तर वरून भुरभुरवायची.

"ताईने मला लहानपणी काय काय खाऊ घातलंय," नवरा म्हणाला. "माती तेवढी राहिली."

"मातीही खाल्लीस. पण ती तुझी तू."

तिघंही हसले. विषय तिथेच मिटला, आणि पेला रिकामा झाला.

निळे डाग

गेले.

पुढच्या खोलीत दोघं पुस्तकं बांधतात. ती घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवते, तो पुठ्ठे कापतो, खळ लावतो, दाबयंत्राचा स्क्रू पिळतो. शस्त्रक्रियेनंतर यंत्राचा दांडा नुसता कोपराला लागला तरी तिथे जांभळं उमटायचं, आणि पुठ्ठ्याची कड बोटाला लागली की चिंधी भिजेपर्यंत रक्त थांबायचं नाही. पुस्तकांवर डाग पडू नयेत म्हणून तो हातमोजे घालायचा.

एक दिवस सुरी अंगठ्यात बऱ्यापैकी घुसली. तो अंगठा तोंडात घालून दारापर्यंत गेला, परत आला, आणि रक्त थांबलं होतं.

"पूर्वीसारखं," तो म्हणाला. लहान मुलासारखा खूश होता. हातमोजे त्याने खुंटीला लावले.

ती सुईत दोरा ओवत होती. दोरा जाईना.

पचन

उत्तम. याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

मन प्रसन्न राहते

त्याचं राहत होतं. म्हणून तर रक्त पुरेसं पातळ आहे का, ते दवाखान्यात तपासायला तो गेला नाही. हातात मोठं काम होतं, बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या माणसाने दंडात सुई टोचून घ्यायला का जायचं? पुढच्या खेपेला जाऊ. पुढच्या खेपेला ताईंनी त्याची बाजू घेतली. म्हणाल्या, सारखं रक्त काढून काढूनच माणूस अशक्त होतो. बायकोचा आवाज चढला तेव्हा त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं की ताई माझ्यासाठी राबते, तिच्या तोंडावर असं बोलू नकोस, तिला लागतं.

ती पुन्हा शिवायला बसली. तिला ताईंचा राग नव्हता, हीच पंचाईत होती. जुड्या निवडताना ताईंची बोटं हिरवी होत, आणि एकही पिवळं पान त्या आत जाऊ देत नसत.

शांतता

हा गुण व्हिडिओत नव्हता.

धातूची झडप वाजते. बारीक, लख्ख: पत्र्याच्या डबीचं झाकण कोणीतरी मिटावं तशी. खोलीत शांतता असली की त्याच्या बाजूला बसलेल्या माणसाला ऐकू येते. सुरुवातीला तिला त्या आवाजाने झोप लागत नसे, आणि नंतर त्याच्याशिवाय लागेना. शिवताना तिचा हात त्याच्याच ठेक्यावर चालायचा. टिक, सुई आत. टिक, दोरा बाहेर.

आता तिचे टाके वेडेवाकडे पडायला लागले. आधी तिला वाटलं डोळे बिघडले. मग कळलं, ठेकाच सापडत नाही. डबीवर कोणीतरी कापूस ठेवल्यासारखा आवाज येत होता, आणि मधूनच तोही नाही.

ताईंनाही ते जाणवलं होतं. जेवताना त्यांनी समाधानाने सांगितलं, "छातीतली ती टिकटिक किती शांत झालीय बघ. आतून बरं होतंय."

तो घास थांबवून ऐकायला लागला. मग हसून मान हलवली. खरंच की.

दम

माळ्यावरून पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढताना तो शिडीवर मध्येच टेकला. वजन फार आहे म्हणाला. गठ्ठा अजून माळ्यावरच होता.

ताईंनी पेला मोठा केला.

दुपार

तो बाकावर झोपला होता, उशाला न बांधलेल्या पुस्तकांचा ढीग. ताई बाजारात गेल्या होत्या. कशाला, ते सांगायला नको. तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर येईपर्यंत वाट बघितली, आणि काही न समजावता फोन त्याच्या छातीवर, टाक्यांच्या वणाशेजारी धरला. तो हलला नाही. तिने मनात सावकाश आकडे मोजले आणि फोन कानाला लावला.

"मला काहीच ऐकू येत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मलाही," ती म्हणाली. "तेच सांगायला फोन केलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग सूचना आल्या, तुटक: गाडी पाठवते. त्यांना जिना चालत उतरू देऊ नका. काही खायला-प्यायला देऊ नका.

खुर्चीत बसवून त्याला खाली नेत होते तेव्हा ताई पिशवी घेऊन जिन्यात भेटल्या. पिशवीतून पानं बाहेर आली होती. त्या पिशवीसकट मागोमाग गाडीत चढल्या.

प्रमाण

दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या पडद्यावर त्याचं हृदय करड्या रंगात हलत होतं. झडपेला दोन पाकळ्या असतात. एक उघडत-मिटत होती. दुसरी अडकलेल्या खिडकीसारखी जागच्या जागी होती, आणि तिच्या मुळाशी काहीतरी जमलं होतं, ढगळ, मऊ दिसणारं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र त्याच्या छातीवरून उचललं नाही. खाण्यात काय बदललं, एवढंच विचारलं.

बायकोने ताईंकडे पाहिलं. हे उत्तर तिला द्यायचं नव्हतं.

"कोथिंबिरीचा रस," ताई म्हणाल्या. आवाजात अजून थोडी ऐट होती. "आधी दोन जुड्या. मग त्याला दम लागायला लागला, तेव्हापासून चार."

नर्सने भिंतीवरचा फोन उचलून वरच्या मजल्यावर कोणाला तरी, आत्ताच्या आत्ता, एवढंच सांगितलं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग आपल्या बोटांकडे. पिशवी त्यांच्या हातून खाली घसरली.

"मॅडम, तिला रागावू नका," तो टेबलावरून म्हणाला. "तिच्यामुळेच तर मी..."

पुढचं काही कळलं नाही. त्याने ते पुन्हा म्हटलं, जरा जोर लावून, समोरच्याला ऐकू आलं नसावं अशा समजुतीने. शब्द नव्हते. नुसता ओला आवाज. ओठांची उजवी बाजू जागची हलत नव्हती.

डॉक्टरीणबाई यंत्र टाकून दाराकडे धावल्या. बायकोने त्याचा उजवा हात धरला. त्याच्या बोटांनी तिचा हात उलट धरला नाही.

ताई त्याच्या तोंडाजवळ वाकल्या.

"काय रे छोट्या?" त्या म्हणाल्या. "नीट बोल. नीट बोल ना."