नवव्या नोंदीपुढची रिकामी जागा

माझी नात संध्याकाळी घरी आली आणि चपला जोडीने न लावता तशीच स्वयंपाकघरात निघून गेली, तेव्हाच काही विपरीत घडले आहे हे मी ताडले. एक चप्पल दाराच्या आत पडली होती, दुसरी बाहेर उताणी. माझ्या घरात असे दृश्य गेल्या चाळीस वर्षांत कोणी पाहिलेले नाही.

"मुंगे," मी हाक मारली, "चपला कुणी लावायच्या?"

सून ओले हात पुसत बाहेर आली.

"आई, जरा दमानं घ्या. पाण्याचा पेलाही तसाच ठेवलाय तिने."

कागदोपत्री तिचे नाव वेगळे आहे, पण घरात तिला सारे मुंगीच म्हणतात; सतत काहीतरी उचलून जागच्या जागी नेऊन ठेवण्याची खोड. ती खोड मी लावली आणि तिचा मला अभिमान होता. संगणकांचे जाळे उभारण्याच्या पदविकेच्या ती शेवटच्या वर्षाला आहे. पदविका हाती पडण्यापूर्वी आठ आठवडे एखाद्या कार्यालयात उमेदवारी करावी लागते, आणि तिला ती मिळाली सरकारी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. छतावरच्या पोकळीतून केबल ओढायच्या, त्यांच्या टोकांना प्लास्टिकची टोपणे दाबून बसवायची, दोन्ही टोकांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवायच्या, असे ते काम. शिकवणारा वायरमन साठीचा, कंत्राटावरचा. दिवसभर शिडीवर असतो म्हणून सारे कार्यालय त्याला शिडीकाका म्हणते. त्याचा एकच नियम मुंगी आम्हाला जेवताना त्याच्याच आवाजात म्हणून दाखवी : "पोरी, शेपूट सापडल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही." म्हणजे केबलचे एक टोक कुठेही खुपसण्याआधी तिच्यावरून हात फिरवत जायचे आणि दुसरे टोक कुठे गेले आहे ते डोळ्यांनी पाहून घ्यायचे.

मी स्वयंपाकघरात गेले. मुंगी ओट्याला टेकून उभी होती.

"आजी," ती म्हणाली, "माझ्यामुळे कुणीतरी मेलं असेल."

मी स्टूल ओढून बसले. उभे राहवेना म्हणून बसले, हे मी त्या दोघींना कळू दिले नाही.

घडले होते ते असे. दुपारी ती फोन घेणाऱ्या बायकांच्या टेबलाखाली वाकून केबल बांधत होती. तिथे एक जुना डबा आहे, आठ भोकांचा. सभोवतीच्या साऱ्या संगणकांच्या केबल त्यात येऊन मिळतात. एका केबलचे टोक मोकळे लोंबत होते आणि डब्यात एक भोक रिकामे होते. शिडीकाका वर छतात डोके घालून होते. मुंगीने ते टोक उचलले आणि त्या भोकात बसवले. लोंबणारे काही दिसले की तिला ते पाहवत नाही. शेपूट तिने शोधले नाही. ते शेपूट त्याच डब्याच्या दुसऱ्या भोकात होते.

"मग बिघडलं कुठं?" सुनेने विचारले. "डब्यातून निघाली, डब्यात गेली."

"तेच तर बिघडलं! निरोप त्यातच गोल फिरत राहतो, आई. फिरता फिरता वाढत जातो. एवढा, एवढा वाढतो, की खऱ्या निरोपाला वाटच राहत नाही."

दुपारी ते टोक बसवून मुंगी पलीकडच्या खोलीत गेली आणि इकडे कक्षातले सर्व पडदे गोठले. एरवी फोन घेणारी बाई पत्ता टंकते आणि तो पुढच्या खोलीत, गाड्या पाठवणाऱ्यांच्या समोर क्षणात उमटतो. आता बायका पत्ते चिठ्ठ्यांवर लिहू लागल्या आणि चिठ्ठ्या घेऊन शिपाई धावू लागला. सतरा मिनिटे हे चालले. सतराव्या मिनिटाला मुंगी पुन्हा त्या टेबलाखाली गेली, तेव्हा डब्यावरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते. तिने भीतीने ते टोक उपटले. दिवे शांत झाले, पडदे चालू झाले, आणि कोणाला काही कळायच्या आत ती टेबलाखालून बाहेर आली होती.

त्यानंतर तिला चिठ्ठ्या नोंदवहीत उतरवायला बसवले, अक्षर चांगले म्हणून.

"नऊ फोन आले होते, आजी. आठांच्या पुढे 'गाडी पोहोचली' लिहिलं मी. नवव्यापुढे लिहायला काही आलंच नाही. बाई, वय एकाहत्तर, श्वास लागलाय. छापखान्याच्या मागे, दुसरा मजला. मी सुटेपर्यंत ती जागा रिकामीच होती."

एकाहत्तर. माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

"तू कुणाला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर 'तुला कशाला हवंय' म्हणाले असते. आणि काकांवर ढकललंय सगळं. ते वर तारा हलवत होते ना, म्हणून मोठ्या बाईंना वाटलं त्यांनीच काही तोडलं. काकांनाही तसंच वाटतंय! म्हणाले, 'असेल बाबा, हात थरथरतो माझा हल्ली.' उद्या अकराला त्यांचा जबाब आहे. त्यांना काढणार."

आयुष्यभर मी या घरात एक गोष्ट शिकवीत आले : मोडले असेल तर जेवायला बसण्यापूर्वी सांगा. माझ्या मुलाने आठव्या वर्षी काच फोडली, तेव्हा त्याला मी शेजाऱ्यांच्या दारात एकटा पाठवले होते. आणि त्या संध्याकाळी, माझ्या नातीच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहत, मी काय म्हणाले?

"गप्प राहायचं. उद्या जायचं, मान खाली घालून काम करायचं, आणि ती वही उघडायची नाही."

"आजी!"

"ज्याचं उत्तर सोसवणार नाही तो प्रश्न विचारू नये. तो म्हातारा कंत्राटी आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. तुझ्या नावापुढे एकदा मेलेलं माणूस लिहिलं गेलं, की ते कोण खोडणार?"

सुनेने हातातले फडके ओट्यावर ठेवले. बावीस वर्षांत ती माझ्यापुढे मोठ्याने बोललेली नाही.

"आई, तुमच्याच तोंडून हे ऐकायचं राहिलं होतं," ती म्हणाली, आणि मुंगीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

सकाळी मी मुंगीबरोबर निघाले. त्या कक्षाच्या मुख्य अधिकारी बाईंना आधी एकटीने गाठायचे आणि प्रकरण कोणाच्याही नावाशिवाय मिटते का ते पाहायचे, असा माझा बेत होता. मुंगीला वाटले मी तिला धीर द्यायला येत आहे. वाटेत एक रुग्णवाहिका ओरडत गेली तेव्हा तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

कक्षाबाहेर लांब लाकडी बाक होता. त्यावर शिडीकाका बसले होते. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. शिडीवाचून तो माणूस बुटका वाटला.

"काय गं पोरी," ते म्हणाले, "आजीला पण लावलंस काय उमेदवारीला? बसा आजीबाई. इथं खुर्चीपेक्षा बाक बरा, निदान हलत नाही."

मी बसले.

"घाबरलीस व्हय?" काका मुंगीला म्हणाले. "तू कशाला घाबरतेस? चूक म्हाताऱ्याची. रात्रभर आठवत बसलो, कोणती तार ओढली, कोणती नाही. आठवत नाही बघ. बायको म्हणाली, तुला काल काय जेवलास ते आठवत नाही, तार कुठून आठवणार!" ते हसले, मग हसू एकदम गळून पडले. "त्या नवव्या बाईचं काय झालं ते तेवढं सांगू नये त्यांनी मला. बाकी काय लिहायचं ते लिहू देत."

मुंगी उठली. मी तिचे मनगट धरले.

"बस खाली."

"आजी, हात सोड."

असे शब्द मला आमच्या घरात कोणी ऐकवलेले नाहीत. हात मी सोडला. आज्ञा पाळली म्हणून सोडला असे नाही. तिची नाडी माझ्या बोटांखाली इतकी धडधडत होती की ती धरून ठेवण्याची माझी छाती झाली नाही. तिने दार ढकलले, परवानगी न मागता आत गेली, आणि दार अर्धे उघडेच राहिले.

"काल मी केलं ते," मला ऐकू आले. "काकांनी नाही. मी."

मग ती भरभर बोलत गेली. अधिकारी बाईंना प्रथम पटेना; हातभर केबलने एवढे कार्यालय बंद पडते यावर कोणाचा विश्वास बसावा? त्यांनी काकांना आत बोलावले. मीही उठून दाराच्या चौकटीत उभी राहिले. मला कोणी बोलावले नव्हते.

काकांनी सारे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ओझे उतरले आणि त्याच क्षणी दुसरे चढले.

"शेपूट शोधलं नाहीस," ते इतकेच म्हणाले.

"नाही शोधलं."

"अगं, मला हाक मारायचीस. वरून उतरायला मला काय वर्ष लागलं असतं? गुडघे कुरकुरतात, पण उतरतो मी अजून."

"काका, तुम्ही थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी मुंगीकडे पाहिले. "तुमची उमेदवारी आजपासून बंद. महाविद्यालयाला मी खरं तेच कळवणार. चूक झाली हेही, आणि स्वतः येऊन सांगितली हेही. समजलं?"

"समजलं. बाई, नवव्या फोनचं काय झालं?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवले. बाईंनी वही ओढली, पान उलटले, बोट खाली खाली नेले. मी चौकटीतून पाहत होते. मुंगीच्या सुबक अक्षरांची ओळ आणि तिच्यापुढे कोरी जागा. बाईंनी फोन उचलून गाडीच्या चालकाला लावला. "हं... हं... मग कळवलं का नाही?... बरं." एवढाच संवाद, पण त्यात मला माझ्या साऱ्या आप्तांची मरणे आठवून झाली.

"गाडी बारा मिनिटं उशिरा पोहोचली," फोन ठेवत बाई म्हणाल्या. "दाराला कुलूप होतं. कुणी शेजारी त्यांना आपल्या गाडीतून घेऊन गेला म्हणे. कोणत्या रुग्णालयात, ते चालकाला ठाऊक नाही. पुढचा फोन आला म्हणून तो निघाला, आणि नोंद द्यायची राहिली."

"म्हणजे माहीत नाही," मुंगी म्हणाली.

"माहीत नाही."

ती मटकन खुर्चीत बसली. जिवंत असे ऐकले असते तर ती रडली असती. मेली असे ऐकले असते तर काय झाले असते ते मी लिहीत नाही. पण 'माहीत नाही' याला काय करायचे ते त्या पोरीला समजेना, आणि आयुष्यभर हेच होईल हे मला तिथेच दिसले. कोणत्याही म्हातारीला धाप लागलेली पाहिली की हिचा श्वास अडकणार.

मी खोलीत गेले.

"ऊठ," मी म्हणाले. "छापखान्याच्या मागे, दुसरा मजला. चल."

"आजी, तिथे जायची परवानगी मी देऊ शकत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"परवानगी मी मागितलेली नाही."

"पत्ता आमच्या वहीतला आहे. तो बाहेर जाता कामा नये."

"मग आमचाही जबाब लिहा. माझं पूर्ण नाव देते, लिहून घ्या."

बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि वही मिटली. लिहिले काहीच नाही.

छापखाना दूर नव्हता. आत यंत्रे खडखडत होती आणि जिन्यातही त्यांची थरथर जाणवत होती. पायऱ्या अरुंद, पहिल्या मजल्यावर मला धाप लागली आणि मुंगी भयाने माझ्याकडे पाहू लागली.

"चालत राहा," मी म्हणाले. "मला काही होत नाही."

दुसऱ्या मजल्यावर दोन दारे होती. एकाच्या बाहेर कुंडी आणि झाडू. दुसऱ्याच्या कडीत उघडे कुलूप लटकत होते. म्हणजे कोणीतरी परतले होते. पण कोण? परतणारी माणसे दोन प्रकारच्या घरांत परततात, हे या वयात मला कोणी सांगायला नको. मी कान दिला. यंत्रांच्या खडखडाटात आतले काही ऐकू येईना.

मुंगीचा हात दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

मी ठोठावणार होते. एवढी वर्षे या हाताने कितीतरी दारे ठोठावली, कितींना जाब विचारला. पण तो हात माझ्या बाजूलाच राहिला, आणि मी आयुष्यात प्रथमच माझ्याहून लहान माणसाच्या पाठीमागे उभी होते.

"मुंगे," मी हळूच म्हणाले, "मला भीती वाटते गं."

तिने वळून पाहिले. मग दारावर तीन वेळा टकटक केले.

दार एका चाळिशीच्या गृहस्थाने उघडले. डोळे जागरणाने तांबारलेले.

"कोण पाहिजे?"

"काल..." मुंगी म्हणाली, "काल इथून रुग्णवाहिकेला फोन गेला होता. गाडी उशिरा आली. ती माझ्यामुळे आली उशिरा. मला... त्या कशा आहेत?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या जबड्याची शीर हलली. काय बोलावे, ओरडावे की दार लावून घ्यावे, हे त्याचे ठरत नव्हते.

तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली, लांबलचक, आणि तिच्यामागोमाग एका म्हातारीचा खरखरीत, तिरसट आवाज :

"कोण आलंय रे? दारात ताटकळत ठेवायची रीत आहे का ही? आत बोलाव त्यांना!"

मुंगी आत गेली. मी क्षणभर चौकटीला धरून उभी राहिले. आणि मग मीही गेले, तिच्या मागून.