आत्याबाईंची जागा

“सोडा! सोडा म्हणते ना! दोघंही खाली जाल!”

ती दारातून ओरडली तोवर उशीर झाला होता. नवऱ्याने डाव्या हाताने अॅम्पची मूठ धरून तो जिन्यावर उतरवला होता. दुसऱ्याच पायरीवर मूठ सुटली. अॅम्प धाडधाड करत वळणापर्यंत गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. नवरा कठडा धरून तसाच.

“आत्याबाई पडल्या की काय?” खाली गाडीपाशी थांबलेला बडव्या धावत वर आला. बडव्या म्हणजे त्यांच्या बँडचा ड्रमवाला.

“आत्याबाईंना काय धाड भरलीये? भिंतीचा पोपडा गेला,” नवरा म्हणाला. पण तोंड उतरले होते.

आत्याबाई हे त्या अॅम्पचे नाव. लाकडी पेटी, आत काचेचे दिवे, पुढे मोठा स्पीकर. गिटारची वायर खुपसायची, दिवे तापेपर्यंत वाट पाहायची, मग आवाज. थाट अगदी एखाद्या घरच्या आत्याबाईंचा. अंगाने भरलेल्या, तापायला वेळ घेणार, गाडीत पहिली जागा त्यांना, आणि बोलायला लागल्या की बाकीच्यांनी गप्प बसायचे.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि सुटीच्या दिवशी हॉलमधल्या समारंभांना गिटार वाजवायची. लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमापासून आत्याबाईंना उचलायचे काम नवऱ्याचे. “वाजवते ही, घाम गाळतो मी,” असे तो येईल त्याला सांगायचा, रुमालाने मान पुसत. पेटी स्टेजवर ठेवली की तो हॉलच्या मागच्या दारापाशी जाऊन उभा राहायचा. तळहात वर केला म्हणजे आवाज वाढव, खाली केला म्हणजे कमी कर. टोपी काढली म्हणजे जमले. आपला आवाज हॉलभर कसा पोचतो ते स्टेजवरच्या माणसाला कळत नाही. तिला ते टोपीवरून कळायचे.

गेल्या वर्षी त्याच्या अंगाची उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. तेव्हापासून टोपी खुंटीवर होती. कार्यक्रमाला तो येईनासा झाला. “रिकाम्या हातांनी येऊन काय करू?” म्हणायचा. त्याची झोप फार हलकी झाली होती, त्यामुळे घरात अॅम्प लावायची सोय उरली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसून नुसती गिटार छेडायची, लाकडाला कान लावून.

त्या दिवशी पेटी बडव्याने आणि मास्तरांनी मिळून खाली नेली. मास्तर म्हणजे बँडचे चालक, कीबोर्ड वाजवणारे. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “ताई, राग मानू नका. हे ओझं आता आमच्याच्यानं होत नाही. हल्ली डबे निघालेत. एवढासा डबा, त्यात सगळ्या अॅम्पच्या नकला. वायर सरळ हॉलच्या स्पीकरला. माझा भाचा तेच वापरतो.”

“म्हणजे भाच्याला घेणार?”

“तसं कुठं म्हटलं?”

“मास्तर, तुम्ही तसंच म्हटलंत,” बडव्या पुढून म्हणाला.

मास्तर काचेतून बाहेर बघत राहिले. “कारखान्याच्या समारंभापर्यंत डबा आणा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर... आपण काही परके नाही.”

वाद्यांचा दुकानदार ओळखीचा होता. तीन डबे तिच्या पिशवीत घालून म्हणाला, “घरी नेऊन बघा. जो बोलेल तो ठेवा, बाकीचे परत आणा.” तिने त्यांना धाकटा, मधला आणि थोरला अशी नावे ठेवली. धाकटा साबणाच्या वडीएवढा, गिटारलाच खोचायचा, आवाज हेडफोनमध्ये. मधल्याला पायाने दाबायची चार बटणे. थोरल्याला पडदा, आणि पडद्यावर इतकी नावे की नुसती वाचून होईपर्यंत संध्याकाळ जावी.

नवरा पलंगावरून बघत होता. “ही खेळणी का?”

“बघू तरी.”

“तू बघ. मला काय ऐकू येणार?”

ते खरेच होते. तिने हेडफोन लावले, वाजवू लागली. त्याला फक्त तारांची टकटक ऐकू येत होती.

“गिटार वाजवतेयस का टायपिंग करतेयस?”

तिला ते ऐकूच आले नाही. किती महिन्यांनी तिला आपलाच आवाज भरून ऐकू येत होता! धाकटा तर मधासारखा गोड. पण गाण्याच्या मध्येच आवाज बदलायचा तर त्याला हाताने चाळवावे लागे, आणि वाजवताना हात कुठे मोकळा असतो? थोरला हुशार, पण हुशारीला अंत नाही. एक आवाज लावावा तर तो शेजारचे दहा आवाज सुचवी. मधला साधा होता. पायाखाली बटण, बटणात एक आवाज. तिने मधला घेऊन त्यात आत्याबाईंचा आवाज आठवून आठवून लावला. खाली भरपूर खर्ज, वर मोठा घुमारा, देवळाच्या गाभाऱ्यासारखा. डोळे भरून आले.

तालमीला मात्र फजिती झाली. पहिल्या गाण्यात तिचा तुकडा आला, ती जीव ओतून वाजवू लागली, आणि काहीच झाले नाही. आवाज होता, पण ढगाआड होता. ड्रम आणि कीबोर्डच्या खाली कुठेतरी गुरगुरत होता. तिने वाढवला तर गुरगुर वाढली. मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले.

“ताई, तुम्ही वाजवताय ना?”

“वाजवतेय तर!”

“मग कुठं?”

बडव्या हसला आणि लगेच गप्प झाला. तिने डबा बदलला. तोच आवाज थोरल्यात लावून पाहिला. थोरलाही गुरगुरला, जरा महागात इतकेच.

मास्तर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “समारंभाला भाचा गिटार घेऊन येईल. असू दे बाजूला. हॉलमध्ये आधी तुमचा आवाज बघू. नाहीच पोचला, तर तो वाजवेल. तुम्ही पुढच्या ओळीत बसा, मानानं.”

मानाने पुढच्या ओळीत बसवणे म्हणजे काय, हे न कळण्याइतकी ती नवी नव्हती.

घरी नवऱ्याने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखले. “सांगत होतो. नक्कल ती नक्कल. आत्याबाईंना न्यायला हवं.”

“कोण नेणार?” ती पटकन बोलून गेली.

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिला वाटले, जीभ हासडून टाकावी स्वतःची.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात सगळी यंत्रे एकदम चालू होती. जमीन थरथरत होती. मुकादम तिच्या शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता. त्याचा आवाज नगाऱ्यासारखा. फोनवर बोलला तरी खिडक्या वाजाव्यात. पण इथे त्याचे नुसते ओठ हलत होते.

“काय?” तिने विचारले.

ओठ पुन्हा हलले.

“काय म्हणताय?”

तेवढ्यात पार दुसऱ्या टोकाकडून, घड्या घालायच्या टेबलावरून, सुईसारखा आवाज आला. “ताईऽऽ! चादरीत कुणाची कवळी निघालीऽऽ!”

शब्द न् शब्द ऐकू आला. सगळे धुलाईघर हसले. मुकादमही हसला, पण त्याचे हसणे कुणाला ऐकू आले नाही.

ओरडणारीला सगळे चिमणी म्हणायचे. अंगाने काडी, आवाज नाकातला. चिमणीचा आवाज ऐकून ती पुढच्या यंत्राकडे जाता जाता थांबली. मग चादरींची गाडी तशीच सोडून टेबलाशी गेली.

“काय गं, तू घरीपण अशीच बोलतेस?”

“घरी?” चिमणी डोळे मोठे करून म्हणाली. “घरी अशी बोलले तर सासू लाटणं घेऊन मागे लागेल! घरी मी मऊ बोलते, ताई. हा इथला आवाज. इथं मऊ बोलून कोण ऐकतंय? खालचं सगळं यंत्रं खातात.”

ती तिथेच उभी राहिली. खालचे सगळे यंत्रे खातात. ड्रम खातो, कीबोर्ड खातो. घरी ती एकटी होती, खोली रिकामी होती. म्हणून तिने खोली भरून टाकणारा आवाज लावला. हॉल आधीच भरलेला असतो. तिथे भरायचे नसते, फटीतून पलीकडे जायचे असते.

“ताई, रडताय का हसताय?” चिमणीने विचारले.

“कवळी कुणाची ते शोध,” ती म्हणाली आणि चिमणीच्या पाठीवर अशी थाप मारली की चिमणीच्या हातातली घडी मोडली.

संध्याकाळी मधल्याचे पहिले बटण तिने होते तसेच ठेवले. ते घरचे. दुसऱ्यावर नवा आवाज लावायला बसली. खर्ज काढला. घुमारा जवळजवळ पुसून टाकला. मधले सूर पुढे ओढले, नाकातून बोलल्यासारखे होईपर्यंत. मग हेडफोन नवऱ्याच्या कानाला लावले.

त्याने तोंड वाकडे केले. “अगं, पत्रा घासतंय कुणीतरी!”

“वाईट आहे ना?”

“दात शिवशिवले.”

“मग बरोबर आहे.”

“डोकं फिरलं का तुझं? हे वाजवणार चारचौघांत?”

“मी काय सांगते ते ऐका. माझा आवाज तिथं पोचतो का नाही ते मला कसं कळणार? मास्तर सांगतील ते मला नको. भाचा सांगेल ते तर नकोच.” तिने खुंटीवरची टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. “मागच्या दाराशी कोण उभं राहणार, ते सांगा.”

त्याने टोपीवरची धूळ फुंकली. बराच वेळ फुंकत होता.

समारंभ दुपारचा होता. कारखान्याचा हॉल मोठा, वर पत्रे, माणसे बसायला सुरुवात झाली होती. भाचा गिटार घेऊन भिंतीशी उभा होता, अवघडलेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तिने मधला पायाशी ठेवला, वायर हॉलच्या स्पीकरला दिली आणि दुसरे बटण दाबले.

“एकच गाणं,” मास्तर म्हणाले. “मग ठरवू.”

बडव्याने काठ्या आपटून चाल दिली. ड्रम, कीबोर्ड, गाणारी, सगळे एकदम सुरू झाले. तिने हॉलच्या मागच्या दाराकडे पाहिले. दारात नवरा उभा होता, उजवा हात खिशात घातलेला. तिचा तुकडा आला.

पहिल्याच सुराला खुर्च्या ओढणारी माणसे थांबली. घरी वाटलेला तो पत्रा घासल्याचा आवाज कुठेच नव्हता. ड्रमने खालचे घेतले, कीबोर्डने आजूबाजूचे घेतले, आणि मधून तिची गिटार सरळ निघाली, लखलखीत, एकेक सूर सुटा. मास्तरांची बोटे क्षणभर पट्ट्यांवर अडखळली. दारातला डावा हात तळहात वर करून उठला. तिने पायाने थोडा वाढवला. हात स्थिर झाला. मग हळूच डोक्याकडे गेला.

त्याने टोपी काढली.

पुढे ती काय वाजवत होती ते तिलाही सांगता आले नसते. गाणे संपले तेव्हा मास्तरांनी थांबवलेच नाही, सरळ दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर धरला. लोक उठून नाचायला लागले. भाच्याने गिटार पिशवीत घालून चेन ओढली आणि पुढच्या ओळीत जाऊन बसला. टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात त्याच्याच.

शेवटी तो जवळ आला. “मावशी, माझ्याही डब्यात असा आवाज लावून द्याल? घरी फार छान वाजतो हो, पण इथं...”

“लावून देते. पण घरी ऐकू नकोस. दात शिवशिवतील.”

मास्तर वायर गुंडाळत म्हणाले, “ताई, पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रम आहेत.”

“पुढची ओळ रिकामी ठेवा मग,” ती म्हणाली. “मानाची माणसं बसतील.” बडव्याने झांजेवर एक टिचकी मारली.

घराशी गाडी थांबली तेव्हा अजून ऊन होते. बडव्याने सवयीने मागचे दार उघडले आणि डब्याची पिशवी उचलली.

“ए, ठेव खाली,” नवरा म्हणाला. “ते काम माझं.”

त्याने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली. जिन्याला लागला. प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय, मग दुसरा. ती गिटार घेऊन मागे. पोपडा उडालेल्या वळणावर तो थांबला, श्वास घेतला, तिने हात पुढे केला नाही. तो पुन्हा चढू लागला.

आत गेल्यावर त्याने डबा काढून कोपऱ्यातल्या आत्याबाईंच्या डोक्यावर नीट मधोमध ठेवला. मग खुर्चीत बसला, खिशातून रुमाल काढला आणि घाम आलेला नव्हता तरी मान पुसली.