लाल फडकं

"चेटकीण रक्त ओकतेय!" पाणीबाबा ओरडला आणि खोलीत दाटीवाटीने बसलेल्या बायांचे हात आपोआप जोडले गेले. मघाशी पिवळंधमक असलेलं फडकं आता रक्तासारखं लाल झालं होतं.

बाबाने दिलेल्या त्या फडक्याने माझ्या धाकट्या जावेने पडद्याआड पवित्र पाण्याने धुऊन अंग पुसलं होतं. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा. सासूबाईंनी तिला दवाखान्यात न्यायचं सोडून इथे आणलं. बाबाच्या 'पवित्र पाण्याने' ती आठवडाभर आतून धूत होती आणि त्रास दुप्पट झाला होता. बाबा म्हणाला, चेटकीण चिडलीय.

मग बाबाची रबरी नळी तिच्या पाठीवर सपासप पडू लागली. सासूबाईंनी हात धरले, भाऊजींनी स्वतःच्या बायकोचे पाय. पाठीची सालटी निघाली.

"बोल, कोण आहेस तू?"

"मी... मीच आहे हो," जाऊ विव्हळली.

"बघा, कबूल झाली!"

धन्य तो बाबा आणि धन्य ते माना डोलावणारे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खालच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना मी वाटेत सगळं सांगत हाताला धरून ओढत आणलं.

बाईंनी आधी नळी हिसकावली. मग बाबाचं मनगट धरून पंजा पवित्र पाण्यात बुडवला आणि त्याच्याच गठ्ठ्यातल्या कोऱ्या पिवळ्या फडक्याने पुसला. फडकं लाल!

"अगंबाई, बाबांनाही झपाटलं की!" मी म्हटलं.

"फडकं हळदीत रंगवलंय, पाण्यात धुण्याचा सोडा आहे," बाई म्हणाल्या. "सोड्याने हळद लाल होते, लिंबाने परत पिवळी. फटके संपले की हा समोरचं ते लिंबू पिळतो आणि चेटकीण पसार! अहो, योनीमार्गात चांगले जंतू असतात, विरजणातल्यांचे भाऊबंदच. ते आतला आंबटपणा राखतात, रोगाच्या जंतूंना वाढू देत नाहीत. सोड्याने तो आंबटपणाच मोडला. हा आजार आहे, औषधाने बरा होतो. आतून काहीही धुवायचं नसतं."

मग तीच गर्दी बाबावर तुटून पडली. त्याचा ओठ फाटला, दात पडला. सासूबाईंनी नळी उचलली.

"थांबा!" बाई मध्ये घुसल्या. "त्याला पोलिसांकडे द्या. मघाशी हिला विचार न करता मारलंत, आता त्याला. हात उचलण्याआधी एकदा तरी डोकं चालवा!"

सासूबाईंच्या हातून नळी गळून पडली. "आम्हाला काय ठाऊक? हे सगळं जंतूंनी केलं."

जावेची पाठ पुसता पुसता बाई म्हणाल्या, "वास जंतूंनी आणला, आजी. हिचे हात तुम्ही धरले होते."