पुढच्या खेचराची घंटा

चाळीस वर्षं बंद असलेली खिंड उघडली आणि घरासमोरच्या पायवाटेचा रस्ता झाला. पलीकडून मीठ आलं, चपला आल्या, इकडची लोकर तिकडे जाऊ लागली. गाव खूश. त्या घरातली सून एकटीच दाराला कडी लावून बसायची.

उंबरा ओलांडला की दोन पावलांवर डांबर. या उतारावरच्या गावात सपाट जागा एवढीच, म्हणून प्रत्येक पोर पहिलं पाऊल तिथेच टाकायचं. तिची लेक भिंगरीही तिथेच चालायला शिकली. अडीच वर्षांची, पण पायाला चाकं लावल्यासारखी. त्यात खोड अशी, की हाक मारली की हा खेळच आहे असं समजून उलटी पळणार, खिदळत.

"वहिनी, कडीला तेल घाला हो," समोरचे शिंपीकाका म्हणायचे. "माझं मशीनसुद्धा एवढं वाजत नाही."

"कॉलेजात भीती हाच विषय घेतला होतास की काय गं?" सासूबाई विचारायच्या. "मी आहे ना लक्ष ठेवायला."

"आई, तुमचे गुडघे?"

"गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. हाक मारीन."

"हाकेनेच तर ती पळते!"

मन चिंती ते वैरी न चिंती. भांडी घासताना तिला मध्येच रस्त्यावर पडलेला एवढासा बूट दिसायचा. मग ओल्या हातांनीच धावत येऊन ती पोरीला चाचपायची.

रस्ता व्हायच्या आधी नवऱ्याची पाच खेचरं होती. पुढच्याच्या गळ्यात मोठी पितळी घंटा, शेवटच्याच्या गळ्यात लहान, म्हणजे मागे वळून न बघता रांग पुरी आहे हे कळावं. वळणावर पुढची घंटा वाजली की भिंगरी धावत सुटायची, आणि बाप तिला उचलून खेचरावर बसवून घरी आणायचा. ट्रक आले, खेचरं विकली गेली. आता तो वर खिंडीतल्या गोदामात हमाली करायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. लहान घंटा तेवढी दाराशी खिळ्याला राहिली. मोठी कुठे गेली हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

त्या दुपारी ती चुलीवरचं दूध उतरवत होती. सासूबाईंनी घोंगडी झटकायला दार उघडलं. तेवढ्यात वळणावरून आवाज आला. टण... टण...

"बाबा!"

भिंगरीच्या हातातली वाटी खाली पडली. सासूबाईंच्या घोंगडीखालून ती बाहेर गेलीसुद्धा.

तिची आई दूध तसंच सोडून धावली. खेचरं तर विकली! मग वाजतंय काय? दारात आली तर उतारावरून मिठाच्या पोत्यांनी लादलेला ट्रक येत होता, पुढच्या जाळीला तीच मोठी घंटा बांधलेली. आणि त्या घंटेच्या दिशेने, दोन्ही हात वर करून, उचलून घ्यायच्या तयारीत, तिची पोर धावत होती.

"अगं ए—" सासूबाईंनी तोंड उघडलं.

तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या घशात आलेली किंकाळी गिळली. हाक मारली तर ती आणखी जोरात पळेल. मागे धावली तरी तेच. खिळा हाताशीच होता. तिने लहान घंटा ओढून काढली आणि जिवाच्या आकांताने हलवली.

भिंगरी रस्त्याच्या मधोमध थांबली. पुढे एक घंटा, मागे एक. तिने तिकडे बघितलं, इकडे बघितलं. हॉर्न वाजला. तो तिच्या ओळखीचाच नव्हता. आई मात्र उंबऱ्यावर बसली होती, घंटा वाजवत, हसत. ते हसू तिने कुठून आणलं, देव जाणे.

पोर वळली. तुरुतुरु आली आणि मांडीत धप्पकन बसली. "बाबा कुठे?"

ब्रेकचा कर्कश आवाज, जळक्या रबराचा वास. ट्रक थांबला तो पोर उभी होती त्या जागेच्याही दोन हात पुढे येऊन.

ड्रायव्हर उतरला. त्याने जाळीची तार सोडली आणि घंटा तिच्यापुढे धरली. "घ्या, ताई. तुमच्याच मालकांनी दिली होती, गाडीला शकुन म्हणून. माझी लेकही एवढीच आहे घरी."

"लेकाने मला सांगितलं होतं गं," सासूबाई पुटपुटल्या. "त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं मला."

तिने घंटा घेतली.

ड्रायव्हर जाता जाता घुटमळला. "पण ताई, ही एक काढून काय होणार? गावातली सगळी खेचरं विकली गेली. आता बघाल त्या गाडीला त्यांचीच घंटा आहे."

ट्रक गेला. शिंपीकाका दुकानाच्या पायरीवर हातात कात्री तशीच धरून उभे होते. चुलीवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता.

आणि वळणाच्या पलीकडे, अजून लांब, टण... टण...

मांडीतलं अंग एकदम ताठ झालं. "बाबा आले!"

तिने लेकीला दोन्ही हातांनी आवळून धरलं. ती सुटायला धडपडत होती, दिवसेंदिवस ताकद वाढत असलेल्या पायांनी.