चपलांची पैज

"दिगूभाऊ, रविवारपर्यंत एकही थाप न मारता राहून दाखवा, मिशी उतरवतो," मच्छिंद्रने पैज लावली. "आन् हारलात, तर अख्ख्या बिल्डिंगच्या चपलांना पालिश. गेटवर बसून."

वारज्याच्या त्या सोसायटीत दिगंबरने कुणालाच सोडलं नव्हतं. मच्छिंद्रच्या नव्याकोऱ्या गाडीवर 'विकणे आहे'ची पाटी त्यानेच लावली होती. वरच्या मजल्यावरची नीरजा म्हणाली, मच्छिंद्रभाऊंची मिशी शाबूत राहणार. ती आणि दिगंबर एकाच हॉस्पिटलात. ती सिस्टर, तो ऑपरेशन थिएटरचा ब्रदर.

दिगंबरने आठवडा जीभ चावत काढला. शनिवारी हॉस्पिटलात मांजरी गावची तेजस्विनी नावाची पेशंट आली. पाचवा महिना, हवंहवंसं पोर. पण सोनोग्राफीत दिसलं, त्याची कवटीच धरलेली नव्हती; ते जगणार नव्हतं. गर्भपाताची केस म्हटल्यावर दिगंबर सवयीने बोलून गेला, "मॅडम, माझ्या मनाला पटत नाही."

डॉक्टर मॅडम असल्या बाबतीत जबरदस्ती करत नसत. नीरजाची ड्यूटी संपली होती, खांद्याला पर्स होती. पर्स ठेवून दिगंबरच्या जागी ती आत गेली.

दिगंबर चहा पीत बसला. मन वगैरे काही नव्हतं. पूर्वी कधी तरी अशा केसची साफसफाई अंगावर आली, तेव्हा त्याने हे वाक्य ठोकून दिलं होतं. खपलं. मग दर वेळी खपत गेलं. थाप इतकी मुरली होती, की पैजेतही ती धरायची असते हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

नीरजा बाहेर आली, बराच वेळ हात धूत राहिली.

"मलाही पटत नाही हो," ती म्हणाली. "असल्या दिवशी देवापुढे बसवत नाही. पण ती माझा हात सोडेना. तुम्ही निदान नाही म्हणू शकता. आदर वाटतो तुमचा."

दिगंबरने उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला.

रविवारी सकाळी दिगंबर पालिशची डबी घेऊन गेटवर बसला. चपलांची रांग लागली. मच्छिंद्रने मिशीवर ताव देत विचारलं, थाप कोणती?

दिगंबरने नीरजाकडे पाहिलं. "पटत नाही म्हणायचो, ती. काम टाळायचो मी. यांच्यावर ढकलायचो."

"ही बी थापच हाय," मच्छिंद्र म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

नीरजा हसली नाही. दिगंबरचा हात तिच्या ड्यूटीच्या चपलांपर्यंत पोचला, तेवढ्यात तिने वाकून त्या उचलल्या, धूळ न पुसताच पायांत घातल्या आणि कामावर निघून गेली.

दिगंबरने पुढचा जोड ओढला. मान खाली घालून तो ब्रश मारत राहिला.